खून झाला, पण प्रेत कोठे आहे?

(दादासाहेब फाळके यांचे जीवन आणि त्यांच्या चित्रपटांचा मृत्यू : एक तपास)

द्वितीय वर्ष कला

प्रत्येक रहस्यकथेला तीन गोष्टी लागतात. एक प्रेत, चार-पाच संशयित आणि एक हुशार गुप्तहेर. आमच्या ग्रंथालयात बाबूराव अर्नाळकरांची जुनी पुस्तके आहेत, ती वाचून मी हे शिकले. (पाठ्यपुस्तके त्याच कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतात आणि मी तीही वाचते, हे प्राध्यापकवर्गाच्या माहितीसाठी सांगून ठेवते.)

आज मी जी कथा सांगणार आहे तिच्यात संशयित भरपूर आहेत. गुप्तहेरही आहे. प्रेत मात्र बहुतांशी बेपत्ता आहे, कारण खून झाला तो माणसाचा नव्हे. खून झाला सुमारे शंभर चित्रपटांचा! ते चित्रपट जन्माला घालणारा माणूस वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी नाशिकला वारला. त्याच्या मृत्यूत रहस्य काही नाही. त्याच्या लेकरांचे काय झाले, हे खरे रहस्य आहे.

तो माणूस म्हणजे दादासाहेब फाळके. हे नाव आपणा सर्वांना पुरस्कारामुळे ठाऊक असते. १९६९ सालापासून भारत सरकार चित्रपटसृष्टीतील ज्येष्ठांना त्यांच्या नावाचा पुरस्कार देते आणि पहिला पुरस्कार देविकाराणी यांना मिळाला, हे सामान्यज्ञानाच्या परीक्षेतही विचारतात. पण ज्यांच्या नावाचा पुरस्कार, त्यांचे चित्रपट किती जणांनी पाहिले आहेत? मी वसतिगृहातील मैत्रिणींना हा प्रश्न विचारला. दोघींनी मोठ्या उत्साहाने हात वर केले. चौकशी करता कळले की त्यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहिला होता. तो फाळक्यांचा नव्हे, फाळक्यांवरचा चित्रपट आहे आणि तो २००९ साली आला! तपासाची सुरुवात ही अशी झाली. तेव्हा रीतीप्रमाणे आधी घराण्याचा इतिहास पाहू.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. आम्हां मोखाड्याच्या लोकांना त्र्यंबक परके नाही. तोरंगणचा घाट चढून गेले की त्र्यंबक जवळच. त्या डोंगरांतून गोदावरी निघून पूर्वेला जाते आणि तिथल्याच डोंगरांतून निघालेली आमची वैतरणा पश्चिमेला वळून मोखाडा तालुक्यातून खाली उतरते. तिचे पाणी धरणांत अडवून मुंबईला नेले आहे. फाळके कुटुंबही वैतरणेच्याच वाटेने गेले असे म्हणायला हरकत नाही. धुंडिराजाचे वडील संस्कृतचे शास्त्री होते. विल्सन महाविद्यालयात त्यांना शिकवण्याचे काम मिळाले आणि सारे बिऱ्हाड मुंबईस आले.

मुलगा शास्त्री व्हावा अशी घरची परंपरा. पण मुलाची बोटे रंगांकडे ओढ घेत होती. १८८५ साली तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्यास गेला आणि तिथल्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, वास्तुकला, जे जे हाती येईल ते शिकला. त्यानंतरची वीस वर्षे या माणसाने किती धंदे केले याची यादी वाचताना मला धाप लागली. गोध्र्याला छायाचित्रांचे दुकान काढले. तेथे प्लेगने पत्नी आणि मूल नेले. जादूचे प्रयोग केले आणि त्यासाठी आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा हे नाव घेतले. १९०३ साली पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी धरली. स्वदेशीची चळवळ सुरू झाली तेव्हा ती सोडली. लोणावळ्यास छापखाना काढला, तो दादरला नेला. रंगीत छपाईचे नवे यंत्र आणण्यासाठी १९०९ साली जर्मनीस जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला तोच भागीदारांशी बिनसले आणि फाळके हात झटकून बाहेर पडले.

आमच्या घरी अशा माणसाला धरसोडीचा म्हणतात. माझे वडील तर त्यांना एक मिनिटही घरात घेणार नाहीत. मीही प्रथम तसेच समजत होते. पण ही यादी पुन्हा वाचा. चित्रकला, छायाचित्रण, जादू, वास्तुकला, छपाई, रसायने. चित्रपट काढायला लागते ते सारे यात आहे! चाळिशी गाठेपर्यंत हा माणूस नकळत एका अशा परीक्षेचा अभ्यास करीत होता, जिचा अभ्यासक्रम अजून कोणी छापलेला नव्हता.

ती परीक्षा १९११ च्या सुमारास आली. गिरगावात एका तंबूत त्यांनी विलायतेहून आलेला ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण हलू लागले. मग रोज खेळ पाहायचा, घरी येऊन प्रयोग करायचे, झोप विसरायची. डोळ्यांनी दगा दिला, काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली तशी पुन्हा तीच तपश्चर्या! विम्याची पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तेथे सेसिल हेपवर्थ या चित्रपटकर्त्याने त्यांना आपली चित्रशाळा मोकळेपणाने दाखवली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन दोनेक महिन्यांत स्वारी परत आली.

पैसे लावणाऱ्याला पटवण्यासाठी त्यांनी काय करावे? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. कॅमेरा त्याच्यासमोर ठेवून महिनाभर थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटला, वेल वर चढली! आमच्याकडे नाचणी-वरई पेरणारा प्रत्येक माणूस हे रोज पाहतो, पण इतक्या घाईत कोणी पाहिले नव्हते. पैसा उभा राहिला. तरीही पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

येथे मला थोडे थांबायचे आहे. फाळक्यांवर लिहिताना सरस्वतीबाईंना एका ओळीत आटोपण्याची पद्धत आहे. दागिने गहाण पडणे म्हणजे काय, हे ज्या घरांतून मी आले त्या घरांना कोणी समजावून सांगायला नको. पावसाळ्यापूर्वी चांदी सावकाराकडे जाते आणि बहुधा परत येत नाही. पण सरस्वतीबाईंनी केवळ दागिने दिले नाहीत. त्यांनी अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडली, ती धुतली, चित्रीकरणाच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पाडला आणि या सर्वांवर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. भारतीय चित्रपटाचा पहिला तंत्रज्ञ कोण, असे कोणी विचारले तर मी त्यांचे नाव सांगेन. पुरस्कार मात्र त्यांच्या नावाचा नाही.

पहिला चित्रपट ठरला 'राजा हरिश्चंद्र'. नाटकातला राजा डबके यांच्या रूपाने मिळाला, पण तारामती मिळेना. सिनेमात काम करायला कोणतीही स्त्री तयार होईना; ज्यांना समाजाने आधीच वाळीत टाकले होते त्याही नाही म्हणाल्या. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक हातांचा तरुण सापडला. महिना दहा रुपयांचा पंधरा रुपये पगार झाला आणि चहाच्या कपांतून थेट राणीपद मिळाले! रोहिदासाचे काम फाळक्यांच्या भालचंद्र या मुलाने केले. सिनेमात काम करतो म्हटले तर लोक नावे ठेवीत, म्हणून नटांनी आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगावे, असा मालकाचा हुकूम होता. बाहेरगावी चित्रण चालू असताना तलवारी घेतलेल्या मंडळींना गावकऱ्यांनी दरोडेखोर समजून पोलीस पाटलाच्या हवाली केले, असाही किस्सा सांगतात.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात हा चित्रपट लोकांसमोर आला. लांबी ३,७०० फूट, चार रिळे. (त्याच्या आधी, १८ मे १९१२ रोजी, याच कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलीक' दाखवला गेला होता. ते रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रण होते, म्हणून पहिला मान कोणाचा यावर अजून वाद चालतो. 'पुंडलीक' तर आज मुळीच उपलब्ध नाही. म्हणजे आपल्या तपासात आणखी एक खून!) सुरतेत लोक सहा-सहा तास नाटक पाहणारे, त्यांना हा आखूड खेळ महाग वाटला. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत पाहा. हिशेब ऐकून गर्दी लोटली. व्यापारी माणसाशी वजन-मापाच्या भाषेत बोलावे, हे या कलावंताला नेमके समजले होते.

पुढे मुक्काम नाशिकला हलला. 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या आणि स्त्रियांची वाट मोकळी झाली. १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये साळुंके यांनी रामही केला आणि सीताही. म्हणजे रामाने जिचा शोध घेतला ती तोच होता! लोकांना त्याचे काही वाटले नाही. ते पडद्यासमोर हात जोडत. १९१९ च्या 'कालियामर्दन' मध्ये फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. १९१८ साली भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली होती, पण भागीदार म्हटले की फाळक्यांचे गणित चुकतच असे. भांडण झाले, ते सारे सोडून काशीला गेले, तेथे 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले आणि काही वर्षांनी परत कंपनीत आले. १९३१ साली चित्रपट बोलू लागला. मुक्या चित्रांचा हा राजा एकाएकी जुना झाला. 'सेतुबंधन' हा त्यांचा अखेरचा मूकपट. कोल्हापुरात १९३७ साली काढलेला 'गंगावतरण' हा एकमेव बोलपट. गोदावरी जिथे अवतरली त्या गावी जन्मलेल्या माणसाने शेवटी गंगा अवतरवली आणि यंत्र खाली ठेवले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे नाशिक येथे निधन झाले.

मागे काय राहिले? ९५ कथापट आणि २७ लघुपट असा आकडा सामान्यतः दिला जातो. आज त्यांतील 'कालियामर्दन' बराचसा पाहायला मिळतो. 'राजा हरिश्चंद्र' ची काही रिळे आहेत. 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म' यांचे तुकडे आहेत. चित्रपट कसा तयार करतात हे दाखवणाऱ्या लघुपटाचा एक तुकडा आहे, त्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात. बाकीचा जवळपास सारा संसार नाहीसा झाला आहे. फाळक्यांचेच असे झाले असेही नाही. भारतात तेराशेच्या वर मूकपट तयार झाले; त्यांतले संपूर्ण म्हणावेत असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. हे एखाद-दुसरे मरण नव्हे, हे सामूहिक हत्याकांड आहे. तेव्हा आता संशयितांना एकेक करून पिंजऱ्यात उभे करू.

संशयित पहिला : आग. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. कापूस आणि नायट्रिक आम्ल यांपासून बनणारा हा पदार्थ बंदुकीच्या दारूचा सख्खा भाऊ आहे. एकदा पेटला की स्वतःच प्राणवायू पुरवतो, म्हणून पाण्यात बुडवला तरी विझत नाही! 'राजा हरिश्चंद्र' ची प्रत १९१७ च्या सुमारास बैलगाडीतून एका थिएटरातून दुसरीकडे नेताना उन्हाने तापून पेटली, अशी हकिकत फाळक्यांच्या घरातून सांगितली गेली आहे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात जुन्या नायट्रेट रिळांच्या कोठारांना आग लागून कितीतरी रिळे भस्म झाली. म्हणजे हा संशयित सराईत आहे. पण त्याने सगळे खून केले असे म्हणता येत नाही. आग दिसते, तिची बातमी होते. बाकीची रिळे गुपचूप मेली.

संशयित दुसरा : दमट हवा. नायट्रेट फिल्म उघड्या उष्ण-दमट हवेत ठेवली की ती हळूहळू कुजते. तिच्यातून आम्लाची वाफ निघते आणि तीच वाफ तिला आणखी खाते. आधी चित्र फिकट होते, मग फिल्म चिकट होते, मग वेटोळ्याचा दगड बनतो आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. जव्हार-मोखाड्याच्या पावसात जो राहिला आहे त्याला हे समजायला रसायनशास्त्र लागत नाही. श्रावणात आमच्या वसतिगृहातील पेट्यांतल्या गोधड्यांना आणि वह्यांना बुरशी येते. चार महिन्यांत पुस्तकाचा पुठ्ठा सुटतो. उलट कॅनडाच्या उत्तरेस डॉसन सिटी नावाच्या गावी १९७८ साली जमीन खणताना, पूर्वी भरून टाकलेल्या पोहण्याच्या तलावातून शेकडो जुनी रिळे निघाली. बर्फाळ जमिनीने ती पन्नास वर्षे जपली होती! नाशिक आणि मुंबईच्या जमिनीत असा बर्फ कोठून आणायचा? हा संशयित गुन्हेगार खराच, पण त्याला दार उघडून दिले कोणी, हा प्रश्न उरतोच.

संशयित तिसरा : चांदी. कृष्णधवल फिल्मवर जे काळे दिसते ते दुसरे काही नसून चांदीचे बारीक कण असतात. राम, सीता, हनुमान, सगळे चांदीचे! चित्रपट चालेनासा झाला की मालक रिळे भंगारवाल्याला विकत. भंगारवाला ती धुऊन चांदी काढी आणि उरलेली पट्टी बांगड्यांसारख्या वस्तू बनवणाऱ्यांकडे जाई. सरस्वतीबाईंच्या अंगावरचे दागिने उतरून ज्या धंद्यात गेले, त्या धंद्यातील चित्रे पुन्हा कोणाच्या तरी अंगावर दागिने होऊन चढली असतील. यापेक्षा विचित्र फेरा मी कोणत्याही रहस्यकथेत वाचलेला नाही.

संशयित चौथा : बोलपट. पडदा बोलू लागल्यावर मुक्या चित्राला कोण विचारणार? पण हा संशयित मला निर्दोष वाटतो. मुलगा मोठा होऊन बोलू लागला म्हणून बापाला घराबाहेर काढा, असे तो म्हणाला नव्हता. काढणारे दुसरेच होते.

संशयित पाचवा : खुद्द निर्माता. हसू नका, असेही घडले आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा चित्रपटकर्ता होता, फाळक्यांसारखाच जादूगार. धंदा बुडाल्यावर १९२३ साली त्याने आपल्या चित्रपटांच्या मूळ फिल्म्स स्वतःच्या हाताने जाळल्या. आपले फाळके मात्र या आरोपातून सुटतात. ते भांडले, रुसले, काशीला गेले, पण जाळले काही नाही. उलट त्यांच्या घरात रिळांचे तुकडे आणि टिपणे दोन्ही सांभाळली गेली. तपासातला महत्त्वाचा धागा हाच ठरला.

आता गुप्तहेराचा प्रवेश. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी पी. के. नायर नावाचे तरुण गृहस्थ तेथे रुजू झाले. केरळातून आलेला हा माणूस १९९१ साली निवृत्त होईपर्यंत देशभर फिरत राहिला. झुंजारजवळ पिस्तूल असे, यांच्याजवळ टिपणवही. जुनी थिएटरे, गोदामे, भंगारवाले, निर्मात्यांचे वारस, जिथे रीळ असण्याची शंका येई तिथे ते पोचत. फाळक्यांच्या कुटुंबाकडून त्यांना तुकड्या-तुकड्यांत फिल्म मिळाली. कोणता तुकडा कोणाच्या आधी, हे कसे ठरवायचे? तेव्हा फाळक्यांच्या हस्तलिखित टिपणांनी वाट दाखवली आणि 'कालियामर्दन' पुन्हा जोडला गेला. मृताने स्वतःच लिहून ठेवलेल्या कागदावरून गुन्ह्याचा उलगडा व्हावा, हे मला फार आवडले. नायर मार्च २०१६ मध्ये वारले.

पण रहस्यकथेत शेवटी एक कलाटणी लागते, ती येथेही आहे. 'राजा हरिश्चंद्र' ची म्हणून जी रिळे आज दाखवली जातात, ती १९१३ ची आहेत की नाहीत यावरच जाणकारांत मतभेद आहेत. पहिली प्रत नष्ट झाल्यावर १९१७ साली फाळक्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली होती. सापडलेली रिळे या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे प्रेत मिळाले, पण ते कोणाचे हेच पटेना! आपण ज्याला भारतीय चित्रपटाचा पहिला श्वास समजून नमस्कार करतो, तो कदाचित दुसरा श्वास असेल. मला व्यक्तिशः त्याचे दुःख नाही. जळालेले मूल पुन्हा जन्माला घालण्याची हिंमत बापाने केली, यातच हरिश्चंद्राची कथा आली.

मग खुनी कोण? माझा निष्कर्ष असा की पाचही संशयित हस्तक आहेत, सूत्रधार वेगळाच आहे. प्रत्येक रिळाच्या मरणाआधी कोणीतरी, कोठेतरी, एक निवाडा दिला होता की आता याचा काही उपयोग नाही. तो निवाडा झाल्यावरच डबा ओसरीत गेला, मग दमट हवा आली, मग भंगारवाला आला, मग आग. निवाडा देणारा कोणी दुष्ट नव्हता. घरात जागा कमी होती, कर्ज होते, नवा खेळ लावायचा होता. तुम्ही-आम्ही असतो तर आपणही हेच केले असते. म्हणून या खुनात आरोपीचे नाव घालायचे झाले तर मोठी यादी करावी लागेल.

येथे कोणी म्हणेल की पौराणिक कथा अजून जिवंत आहेत, मग चित्र गेले तर काय बिघडले? आमच्या मोखाड्याच्या बोहाड्याचे उदाहरणही देईल. उन्हाळ्याच्या रात्री संबळ आणि पिपाणीच्या तालावर गणपती, शारदा, नरसिंह, रावण यांचे मुखवटे घालून माणसे नाचतात. तेच देव, त्याच कथा. कॅमेरा लागत नाही की फिल्म लागत नाही. हे खरे आहे. पण बोहाडा टिकला याचे कारण सोंगे घराण्यांकडे वाटून दिलेली आहेत. बापाने नाचलेला देव मुलगा नाचतो. ज्या वर्षी मुलगा नाचायला नसेल त्या वर्षी तो देव आला नाही. म्हणजे सांभाळण्याचे दोनच मार्ग आहेत : करत राहणे किंवा जपून ठेवणे. बोहाडा करत राहून टिकतो. चित्रपट पुन्हा करता येत नाही, तो जपूनच ठेवावा लागतो. दोन्हींपैकी एकही न केल्यास काय होते, ते फाळक्यांच्या शंभर चित्रांनी दाखवले.

गेल्या दिवाळीत मी माझ्या आजीला मोबाईलवर 'कालियामर्दन' दाखवला. आमच्या पाड्यावर रेंज येत नाही, म्हणून जव्हारलाच उतरवून घेतला होता. आजीला अक्षर येत नाही. पण या चित्रात अक्षराचे विशेष कामही नाही. कृष्ण झालेली ती छोटी मुलगी पाण्यात नागाशी झुंजू लागली तशी आजी पुढे सरकली. खेळ संपल्यावर तिने विचारले की ही पोर आता कोठे असते. शंभर वर्षांपूर्वीची आहे असे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली की तरी बरे, तिला कोणीतरी ठेवून दिले.

माझी आजी धवलेरी आहे. आम्हां वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहितात, तेव्हा जी बाई रात्रभर गाणी म्हणते आणि लग्न लावते ती धवलेरी. तिच्या डोक्यात किती गाणी आहेत ती तिलाच ठाऊक नाही. तिच्याकडून शिकायला कोणी बसलेले नाही. माझ्या वयाच्या मुली दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, आणि मी शिकले ती कॉलेजात आले. म्हणजे करत राहण्याचा मार्ग आमच्या घरी बंद होत आला आहे. उरला दुसरा. दोनशे पानी एक वही आणली आहे. सुटीत जाते तेव्हा आजी म्हणेल ते तिच्याच बोलीत उतरवून घेते आणि मोबाईलमध्ये आवाजही भरते. आतापर्यंत एकवीस गाणी झाली. कोणते गाणे कशाच्या आधी येते तेही लिहिते, कारण फाळक्यांनी तसे लिहून ठेवले नसते तर नायरांना काहीच जोडता आले नसते.

या अंकाच्या वाचकांत जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे कितीतरी विद्यार्थी आहेत. प्रत्येकाच्या घरी तारपा वाजवणारा, सोंग घेणारा, औषधी मुळ्या ओळखणारा किंवा गोष्टी सांगणारा कोणीतरी असेल. त्याचा काही उपयोग नाही असा निवाडा अजून झालेला नसेल, तर वही घेऊन त्याच्याजवळ बसा. माझ्या वहीत अजून एकशे चाळीस पाने कोरी आहेत आणि आजीचे वय कोणालाच नक्की माहीत नाही.